डब्यात न टाकलेली चिठ्ठी

शिबिर हा शब्द आमच्या खोऱ्यात पहिल्यांदा मी आणला, आणि याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. त्याआधी आमच्याकडे सप्ता बसायचा, भजनं व्हायची, शिमग्याला देवीची पालखी घरोघर नाचायची. शिबिर कुणी ऐकलं नव्हतं. महाराष्ट्र राज्य होऊन दीडेक वर्ष झालं असेल. पोलादपूरपासून कोसभर आत आमचं गाव, आणि त्याच गावच्या शाळेत मी मास्तर होतो. वय सत्तावीस, लग्न व्हायचं होतं, आणि चार पुस्तकं वाचून डोक्यात वारं गेलेलं. आपल्या गावाला अज्ञानातून बाहेर काढायचं काम देवाने आपल्याच अंगावर टाकलंय अशी माझी खात्री होती. गावाला तसं काही वाटत नव्हतं.

कल्पना मात्र माझी नव्हती, ती मुंबईच्या मंडळाची. आमच्या गावात घरटी एक तरी माणूस मुंबईला होता, बहुतेक गिरणीत. हे सगळे एका चाळीत गावाच्या मालकीच्या खोलीत राहायचे. एक खोली आणि वीस-बावीस माणसं. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. खोलीचं मंडळ होतं आणि मंडळाचा अध्यक्ष गिरणीतला एक मुकादम होता. अंगाने आडवा, आवाजाने उभा, आणि गावात कुणाचंही काम अडलं की पत्र त्याच्याच नावे जायचं. त्याने गिरगावातल्या एका देवळात कुणा प्रवचनकाराला ऐकलं आणि त्याच्या मनाने घेतलं की हा माणूस गावाला न्यायचा. मला पत्र आलं : गावच्या आत्मिक उन्नतीसाठी शनिवार-रविवार दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं ठरलं आहे, स्थानिक व्यवस्था मास्तरांनी पाहावी, प्रोग्राम एकदम टॉप झाला पाहिजे.

त्या खोलीचा एक कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगितला जायचा : खोलीतलं खोलीत. मुंबईत कोण दारूच्या अड्ड्यावर दिसला, कुणाची नोकरी गेली, कोण कुणाच्या घरी राहायला गेला, यातलं गावात काही न्यायचं नाही. गणपती-शिमग्याला घरी गेलं की सगळे जण मजेत असतात. एकाने एकदा हा कायदा मोडला होता. शेजाऱ्याच्या बायकोला त्याने खरं काय ते सांगितलं, आणि तो परत मुंबईला गेला तेव्हा त्याची वळकटी आणि ट्रंक चाळीच्या गॅलरीत होती. महिनाभर तो हातगाडीवर झोपला, मग पाया पडून आत आला. तेव्हापासून सगळी अळीमिळी गुपचिळी.

हे मी ऐकीव सांगत नाही. या शिबिराच्या आधी तीन-साडेतीन वर्षं, मे महिन्याच्या सुट्टीत, मी स्वतः त्या खोलीत आठ दिवस राहिलो होतो. माझा थोरला भाऊ तिथे सापडेल म्हणून गेलो होतो. आम्ही त्याला दादा म्हणायचो. दादा दोन शिमगे गावाला आला नव्हता. मनीऑर्डर कधी यायची, कधी नाही. खोलीत तो नव्हताच. मुकादमाने मला चहा पाजला, खांद्यावर हात टाकला आणि एका पोराबरोबर परळच्या बाजूला पाठवलं. तिथे दादाचं बिऱ्हाड होतं. एक बाई होती, पाळण्यात मूल होतं, आणि दुसरं मूल मला काका म्हणून बिलगलं. त्या बाईने चहा केला आणि मी तो प्यायलो. दादा मला रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, घरी काही बोलू नको, आईला सोसायचं नाही. मी बरं म्हणालो. निघताना मुकादमाने विचारलं, "कायदा म्हाईत हाय ना, मास्तर?" मी म्हणालो, माहीत आहे.

आईचं कारण खोटं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. आई अंथरुणाला खिळलेली, तिला दादा आला काय, न आला काय, फार कळायचं नाही. प्रश्न वहिनीचा होता. वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली त्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती, त्यातले दादाबरोबर एकूण सहा महिने तरी गेले असतील की नाही, शंका आहे. मूल नाही. वरच्या अंगाला, आंबेनळीच्या घाटातल्या एका वाडीतली ती. बोलायला कमी आणि कामाला वाघ. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत आमची सगळी शेती ती ओढायची, आईचं हगणंमुतणं काढायची, मला सकाळी शाळेत जाण्याआधी गरम भाकरी द्यायची. तिला खरं सांगितलं असतं तर ती माहेरी निघून गेली असती. मग लावणी कोण करणार होतं, आणि आईला कोण उचलणार होतं? मी? मी मास्तर होतो. मला संध्याकाळी वाचायला लागायचं.

तेव्हा मी याला सोय म्हणत नव्हतो. तेव्हा मी याला घराची अब्रू म्हणायचो. चांगला शब्द सापडला की माणसाला झोप लागते, हा माझा अनुभव आहे.

शिबिराची तयारी मी पंधरा दिवस केली. भात झोडून घरात आलं होतं, थंडी पडली होती, लोक जरा मोकळे होते. शाळेच्या आवारात कळकांचा मांडव घातला, वर टहाळ टाकला. महाडहून सतरंज्या आणि गॅसबत्ती आणली. भिंतीवर गेरूने वचनं लिहिली : सत्य हेच तप. सर्वांभूती एकच आत्मा. हे दुसरं लिहीत असताना मला आठवण झाली की आमंत्रणाच्या यादीत बौद्धवाडी नाही. मुकादम त्या आठवड्यातच येऊन राहिला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, त्यांचं त्यांचं असतं की मार्चात, महाडला तळ्यावर. आपण जातो का? मी पुढे काही विचारलं नाही आणि अक्षरं गिरवून पुरी केली.

स्वयंपाकाचं कुणाला सांगायचं हा प्रश्नच पडला नाही. दोन दिवस ऐंशी-नव्वद माणसांचं जेवण, कांदा-लसूण नाही, वालाची आमटी, भात, भाकरी, पाहुण्यांना गाईचं दूध. वहिनी आणि तिच्या हाताखाली चार बायका. ती एवढंच म्हणाली, मला पण थोडं ऐकायला बसायला मिळंल का? मी म्हणालो, मिळेल की. त्यावर ती म्हणाली की महाराजांना एक गोष्ट विचारायची आहे. मी हसलो. तिला काय विचारायचं असणार ते मला ठाऊक होतं, तरी मी हसलो.

प्रश्नांची व्यवस्था मुकादमाने सुचवली होती. उभं राहून कुणीही काहीही विचारायचं नाही, त्याने गावाची शोभा होते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचे, आणि रविवारी सकाळी महाराज एकेक चिठ्ठी काढून उत्तर देतील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना मास्तर लिहून देतील. "आणि गावंढळ प्रश्न नकोत," मुकादम म्हणाला, "जरा लेवल बघा." त्यासाठी मी खडूचा पत्र्याचा डबा घासून लख्ख केला आणि त्याच्या झाकणाला चीर पाडली.

महाराज शनिवारी सकाळच्या एसटीने आले. आम्ही ताशा घेऊन गेलो होतो. भगवी कफनी, जटा, असं काहीतरी मनात धरून लोक उभे होते. उतरला तो टोपी आणि धोतर घातलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेला, कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेला बारीक म्हातारा. मला महाराज म्हणू नका हो, असं तो तीनदा म्हणाला. लोकांनी ऐकलं नाही. माणूस खरोखर साधा होता. इतकी वर्षं मी त्याच्यावर काही खापर फोडता येतं का ते पाहिलं, फुटत नाही.

शनिवारी दिवसभर तो बोलला. रागाविषयी बोलला, मन शांत कसं करावं ते सांगितलं, डोळे मिटून बसायला लावलं. शिबिरासाठी रजा काढून आलेली मुंबईची माणसं पुढच्या सतरंजीवर होती, इस्त्रीचे शर्ट घालून, डोळे गच्च मिटून. गावातले पुरुष त्यांच्या मागे. बायका उजव्या अंगाला, आणि चूल शाळेच्या मागे. वहिनी दोनदा आमटीचा डाव हातात घेऊनच मांडवाच्या कडेशी येऊन उभी राहिली आणि दोनदा तिला कुणीतरी हाक मारली. दुपारी महाराज खोटेपणावर बोलले. खोटं बोलणाऱ्यापेक्षा खरं झाकून ठेवणाऱ्याला जास्त कष्ट पडतात, असं काहीसं ते म्हणाले. मी ते वहीत उतरून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी पोरांना शिकवायचो. अर्थ सांगून वाक्यात उपयोगही करून दाखवायचो.

चहानंतर चिठ्ठ्या लिहून घ्यायला लोक माझ्यापुढे बसले. पुरुषांनी फारसं काही विचारलं नाही, बायकांची रांग लागली. एकीची म्हैस दोनदा गाभडली होती. एकीचा पोरगा फायनलला तिसऱ्यांदा नापास झाला होता. एकीची सून माहेराहून येत नव्हती. एक म्हातारी म्हणाली, मेल्यावर तरी पाय दुखायचे थांबतात का, ते विचार. मी सगळ्यांचं ऐकायचो, मान हलवायचो आणि कागदावर भलतंच लिहायचो. म्हशीचं मी प्रारब्ध केलं. नापास पोराचं फलाची आसक्ती. सुनेचं मोह. म्हातारीच्या पायांचं : देहान्तानंतर जीवास दुःखभोग उरतो काय? एवढं एकच भाषांतर मुळाला धरून झालं असेल. माझं मलाच कौतुक वाटत होतं.

रांग संपल्यावर वहिनी आली. हात पदराला पुसले, माझ्यापुढे मांडी घालून बसली आणि इकडे तिकडे कुणी नाही ना पाहिलं. मग म्हणाली, "भावजी, माझी बी एक लिवा. ते परत यायचे हायत का नाय, येवडं इचारा. यायचे नसतील तर मी या घरात कोन म्हनून ऱ्हायाची, ते बी इचारा."

तिने हे आधी पाठ करून ठेवलं असावं. एका दमात म्हणाली, एकही शब्द अडला नाही. मी लिहिलं. तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच शब्दांत लिहिलं, कारण ती माझ्या हाताकडे बघत होती. वाचता येत नसलं तरी ती बघत होती. तिने विचारलं, सगळं आलं का? मी म्हणालो, आलं. मी घडी घातली, ती उठून भाकऱ्या थापायला गेली.

मी ती चिठ्ठी डब्यात टाकली नाही. वर्गात गेलो, दार लोटलं आणि दुसरी लिहिली : निष्काम कर्म आणि गृहस्थाश्रम यांची सांगड कशी घालावी? ती टाकली. पहिली महाराजांच्या पाण्याच्या बंबात घातली. बंब पेटलेलाच होता, त्यामुळे फार वेळ लागला नाही. मुंबईची माणसं समोर बसलेली, महाराज ती चिठ्ठी मोठ्याने वाचणार, आमच्या घराची लक्तरं मांडवात टांगली जाणार, हे मला नको होतं. तिला काय हवं होतं याचा विचार मी केला असता तर मला तो परवडला नसता.

रविवारी सकाळी मांडव भरला. महाराजांनी डबा हलवून पाहिला, हसले, आणि एकेक चिठ्ठी काढून वाचू लागले. प्रारब्ध झालं, आसक्ती झाली, मोह झाला. प्रत्येक प्रश्नाला ते मान डोलवायचे. डोंगरातल्या माणसांनी इतके सूक्ष्म प्रश्न विचारावेत याचं मला नवल वाटतं, असं ते म्हणाले तेव्हा मुकादमाने वळून माझ्याकडे पाहिलं आणि मिशीत हसला. बायकांच्या बाजूला मात्र कुजबुज चालू होती. पाय दुखणारी म्हातारी शेजारणीला विचारत होती, "माझं आलं का गो?" शेजारीण म्हणाली, कुनाला ठावं. दोघींचे प्रश्न येऊन गेले होते.

वहिनीने त्या वेळेपुरती चूल दुसरीवर सोपवली होती. अगदी कडेला, खांबाला टेकून ती बसली होती. प्रत्येक चिठ्ठी निघाली की ती जरा पुढे सरकायची आणि वाचून झाली की मागे. गृहस्थाश्रमाची चिठ्ठी निघाली, महाराज त्यावर पाव घटका बोलले, तेव्हाही ती पुढे सरकली आणि मागे गेली. मी तिच्याकडे न बघता हे सगळं बघत होतो.

शेवटी महाराजांनी डबा उपडा करून दाखवला. झाले सगळे प्रश्न, म्हणाले.

वहिनी उठून उभी राहिली. आमच्या गावात बाईमाणूस पुरुषांच्या सभेत असं उभं राहत नसे. "महाराज," ती म्हणाली, "माझा ऱ्हायला."

मी डबा हातात घेत घाईने म्हणालो, "वहिनी, तुमचा झाला की. तो गृहस्थाश्रमाचा."

"तो माझा नव्हता, भावजी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. चूक दाखवून द्यावी तसं म्हणाली. मग महाराजांकडे वळून तिने तेच वाक्य म्हटलं, काल सांगितलेलं, शब्दाला शब्द. नवरा परत येणार आहे की नाही, आणि येणार नसेल तर मी या घरात कोण म्हणून राहायचं.

मुकादम खाकरला. महाराजांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. चष्मा काढला, उपरण्याला पुसला, पुन्हा घातला. आता हा आसक्ती सोडा म्हणणार, मी मनात म्हटलं, आणि मला बरंही वाटलं. पण तसं काही झालं नाही. बाई, याचं उत्तर पोथीत नाही, असं ते म्हणाले. तुमचे यजमान कुठे असतात, असं विचारलं. मुंबईला, ती म्हणाली. तेव्हा तो साधा म्हातारा एकदम हुशारला. त्याला वाटलं, हे तर सोपंच आहे.

"मग ही एवढी मुंबईची मंडळी बसलीत की," तो म्हणाला. "यांच्यातला कुणी ना कुणी त्यांना भेटत असेल." आणि पुढच्या सतरंजीकडे वळून त्याने विचारलं, "काय हो, कुणाला ठाऊक आहे का?"

आमच्या खोऱ्यात हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी कुणाला उघड विचारला नव्हता. विचारायचा नसतो हे त्याला माहीत नव्हतं, एवढंच.

पुढच्या सतरंजीवर वीसेक माणसं होती. एकाचीही मान वर नव्हती. एक जण सतरंजीची सुरकुती तळहाताने सरळ करत होता. एक जण शर्टाचं बटण काढून पुन्हा लावत होता. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. त्यांच्यातला एक जरी "नाय बुवा, बरेच दिवसात गाठ नाय" असं म्हणाला असता तरी तिला ते खरं वाटलं असतं, आणि आम्हा सगळ्यांची सुटका झाली असती. पण त्या माणसांना खोटं बोलायची सवय नव्हती, नुसतं गप्प राहायची होती. वहिनीने त्यांच्यावरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, एकेकावर थांबत. शेवटी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात डबा होता. मी डब्याकडे बघितलं.

"कळलं," ती म्हणाली आणि पदर सारखा करून खाली बसली. थोड्या वेळाने उठून चुलीकडे गेली.

मुकादमाने लगेच सांभाळून घेतलं. मंडळातर्फे चौकशी करण्यात येईल, असं त्याने जाहीर केलं आणि भजनाला सुरुवात केली. मग जेवणं झाली. मला वाटलं होतं, आता वाढायला दुसरं कुणी येईल. वहिनीच आली. भाताचं घमेलं कमरेवर घेऊन पंगतीतून फिरली, मुंबईच्या प्रत्येक माणसापुढे वाकली, प्रत्येकाला वाढलं. गिरणीतली माणसं, भाताच्या डोंगराला भगदाड पाडणारी. त्या पंगतीत कुणी दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

दुपारी समारोप होता. महाराजांच्या हस्ते मला नारळ मिळाला, टाळ्या वाजल्या. एसटीची वाट बघत आम्ही दोघंच रस्त्याला उभे असताना महाराज म्हणाले, मास्तर, ते प्रश्न तुम्ही लिहिलेत ना. मी म्हणालो, लोकांना लिहिता येत नाही. ते म्हणाले, अक्षराचं म्हणत नाही मी. एवढ्या बाया बसल्या होत्या आणि त्यांतल्या कुणाला म्हैस नाही, सून नाही, दुखणं नाही, असं गाव मी अजून बघितलेलं नाही. पुढच्या वेळी जसं सांगतील तसं लिहा. मी हो म्हणालो. पुढच्या वेळी त्यांना बोलावलंच नाही. मुकादमाने निरोप पाठवला होता की पुढच्या टायमाला बायकांना बसवायचं नाय आणि प्रश्नबिश्न ठेवायचे नाय. तसं शिबिर मी पुढे नऊ वर्षं घेतलं. चांगलं व्हायचं.

महाराजांना गाडीत बसवून मी परत आलो तेव्हा ऊन अजून होतं. वहिनी ओढ्यावर मोठी पातेली घासत होती, एकटीच. बाकीच्या बायका कामाचं निमित्त करून घरी गेल्या असाव्यात. मी काठावर उभा राहिलो. ती राख लावून घासत राहिली. वर न बघताच तिने विचारलं, "तुमाला कदीपास्नं ठावं हाय?"

मी म्हणालो, हे चौथं वर्ष.

तिचा हात थांबला. ती मनाशी काहीतरी मोजत होती. "म्हंजे चार वडपुनवा," ती म्हणाली. "सात जन्म हाच मिळू दे म्हनून मी फेऱ्या घातल्या. आनि दोरा दर साली तुमीच आनून दिलात, महाडच्या बाजारातनं."

ते खरं होतं. मी चांगला पांढरा, न तुटणारा दोरा बघून आणायचो. दुकानदाराशी घासाघीसही करायचो नाही, वहिनीसाठी आहे म्हणून. मी पातेल्याचा एक कान धरायला वाकलो. तिने पातेलं आपल्याकडे ओढून घेतलं.

ती लगेच गेली नाही. मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरूण गुंडाळलेलं दिसेल. तसं झालं नाही, आणि मला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. तिने तशीच भाकरी दिली, तशीच आईची कूस बदलली, त्या पावसाळ्यात लावणीही केली. वडाला मात्र गेली नाही. शेजारणी बोलवायला आल्या तर चिखलाचे हात दाखवून म्हणाली, तुमी व्हा पुढं. त्या गेल्या. त्यांनाही तोवर कळलेलं होतं, किंवा आधीपासूनच कळलेलं होतं, मी विचारायला गेलो नाही. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. भावजी म्हणायचं तिने सोडलं होतं. मास्तर म्हणायची, गाव म्हणायचं तसं.

दिवाळीनंतर आई गेली. तार केल्यावर दादा आला, एकटाच आला. तेरा दिवस राहिला. वहिनीने त्याला पाहुण्यासारखं वाढलं, पाटाशी पाण्याचा तांब्या ठेवला, काही विचारलं नाही. तो तिच्याशी दोन-तीनदा बोलायला गेला आणि तिने दोन्ही-तिन्ही वेळा गोठ्यात काम काढलं. तेराव्याचं जेवण झालं, भांडी घासून पालथी घातली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपलं बोचकं घेऊन पोलादपूरच्या स्टँडवर जायला निघाली. घाटाकडे जाणारी एसटी तिथून मिळायची. दादा ओटीवर दाढी करत होता. त्याने वस्तरा थांबवला आणि पुन्हा चालवायला लागला.

मी मागोमाग गेलो. बोचकं मी घेतो म्हणालो, तिने दिलं नाही. स्टँडपर्यंत मी तिच्या मागून चालत राहिलो. गाडी लागलेली होती. मला अगदी राहवेना, मी म्हणालो, दादाने फार वाईट केलं, वहिनी. असं म्हटलं की माझ्या वाटचं थोडं तरी त्याच्या अंगावर जाईल असं मला वाटलं असणार.

तिने बोचकं पायरीवर ठेवलं आणि पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघितलं.

"त्यांनी मला टाकली," ती म्हणाली. "तुमी मला कामाला ठेवलीत."

मग ती गाडीत चढली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली.